‘नेहमी’ वेगळं आणि ‘सारखं’ वेगळं: इंग्रजीच्या चालू वर्तमानकाळातली चिडचिड, लाड आणि टोमणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत शिकवतात की वाक्यात ‘ऑलवेज’ आलं की साधा वर्तमानकाळ घ्यायचा, आणि ‘लव्ह’, ‘हेट’, ‘लाइक’ या क्रियापदांना ‘आयएनजी’ लावायचा नाही. मग इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं ‘ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग’, ‘यू आर बीइंग सिली’, ‘आय ॲम लव्हिंग इट’ असं सर्रास कसं बोलतात? ते चुकीचं आहे का? नसेल तर आपण ते केव्हा वापरायचं?

चुकीचं अजिबात नाही. शाळेतला नियमही खोटा नाही, फक्त अर्धा आहे. साधा वर्तमानकाळ नोंद करतो: असं असं घडतं, बस. चालू वर्तमानकाळ ती गोष्ट चालू असतानाच डोळ्यांपुढे धरतो. कंटाळा आलेल्या, वैतागलेल्या, भारावलेल्या किंवा लाडात आलेल्या माणसाला नोंद नको असते, ‘बघा, हे काय चाललंय!’ असं म्हणायचं असतं. म्हणून भावना आली की इंग्रजी माणूस या काळाकडे वळतो.

मराठी माणसाला हे कोऱ्या पाटीवर शिकावं लागत नाही, कारण जोडी आपल्याकडे तयार आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा:

तो नेहमी आठच्या लोकलने जातो.
तो सारखा किल्ल्या हरवत असतो.

पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात कपाळावर आठी आहे. पहिल्याचं इंग्रजी ‘ही ऑलवेज टेक्स द एट ओक्लॉक ट्रेन’. दुसऱ्याचं ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ऑलवेज’च आहे, त्यामुळे आपला घोळ होतो. मराठीत मात्र शब्दही बदलला, ‘नेहमी’चा ‘सारखा’ झाला, आणि क्रियापदही ‘जातो’वरून ‘हरवत असतो’वर आलं. या ‘-त असतो’ला मराठी व्याकरणात रीती वर्तमानकाळ म्हणतात. तो काही दर वेळी चिडका नसतो. ‘आजोबा रोज पहाटे फिरायला जात असतात’ यात कसलाही राग नाही. त्यामुळे केवळ ‘-त असतो’ दिसलं की इंग्रजीत ‘आयएनजी’ लावायचा, असं करू नका. खरी कसोटी ‘सारखा’ची आहे.

कसोटी अशी: वाक्यातलं ‘नेहमी’ काढा आणि तिथे ‘सारखा’, ‘उठसूट’, ‘सदानकदा’ किंवा ‘जेव्हा बघावं तेव्हा’ घाला. वाक्य आपल्या अर्थाला धरून बसलं, तर इंग्रजीत चालू काळ. विचित्र वाटलं, तर साधा. ‘सूर्य उठसूट पूर्वेला उगवतो’ म्हटलं की हसू येतं, म्हणून ‘द सन इज ऑलवेज रायझिंग इन द ईस्ट’ हेही हास्यास्पद. ‘मी सदानकदा सात वाजता दात घासत असतो’ हेही तसंच. पण ‘ती उठसूट माहेरी जाते’ हे बसतं, आणि त्याचं इंग्रजी ‘शी इज ऑलवेज रनिंग ऑफ टू हर मदर्स’.

आता हे आतून कसं चालतं ते बघू, म्हणजे पाठांतराची गरज राहणार नाही. साध्या काळासोबत ‘ऑलवेज’चा अर्थ ‘दर वेळी’ असा होतो. ‘वी ऑलवेज हॅव टी ॲट फोर’, म्हणजे चार वाजले की चहा, ठरलेला. चालू काळासोबत त्याच शब्दाचा अर्थ ‘फार वेळा, अपेक्षेपेक्षा जास्त, वेळी-अवेळी’ असा होतो. ‘वी आर ऑलवेज हॅविंग टी’ म्हणजे या घरात चहाचं आधण कधी उतरतच नाही. ठरवून केलेली गोष्ट आणि आपोआप घडणारी गोष्ट यातला फरकही इथेच पडतो. ‘आय ऑलवेज मीट हिम ॲट दादर’ म्हणजे आमचं भेटायचं ठिकाण दादर. ‘आय ॲम ऑलवेज रनिंग इन्टू हिम ॲट दादर’ म्हणजे दादरला गेलं की हा माणूस कुठून तरी समोर येतोच.

भावना येते कुठून? अतिशयोक्तीतून. शब्दशः घेतलं तर ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ अशक्य आहे. कुणीही चोवीस तास किल्ल्या हरवत बसू शकत नाही. ऐकणाऱ्याला हे कळतं, म्हणून तो शब्दार्थ सोडून बोलणाऱ्याच्या मनाकडे जातो. याचा पुरावा उलट बाजूने मिळतो. ‘लँग्वेज इज ऑलवेज चेंजिंग’ या वाक्यात कसलीच चिडचिड नाही, कारण भाषा खरोखरच अखंड बदलत असते. म्हणजे काळ तोच, ‘ऑलवेज’ तेच, पण शब्दार्थ खरा ठरतो तिथे भावना उरत नाही. पुस्तकात ‘ऑलवेज अधिक आयएनजी म्हणजे राग’ असं सूत्र छापलेलं असेल, तर त्याच्या समासात हे वाक्य लिहून ठेवावं.

आणि राग हा एकच रंग नाही. ‘शी इज ऑलवेज फीडिंग द नेबर्स किड्स’ यात कौतुक आहे. ‘ही इज ऑलवेज मेकिंग अस लाफ’ यात जिव्हाळा. ‘आय ॲम ऑलवेज फर्गेटिंग नेम्स’ यात स्वतःवरच हसणं. रंग कोणता ते क्रियेवरून आणि आवाजावरून ठरतं. किल्ल्या हरवणं, तक्रार करणं, उसने पैसे मागणं या क्रिया नकोशा असतात, म्हणून तिथे आपोआप कुरकुर ऐकू येते. क्रिया चांगली असेल तर कौतुक. अडचण येते ती मधल्या क्रियांची. ‘यू आर ऑलवेज कॉलिंग मी’ हे लाडाने म्हटलं तर गोड वाटतं. लिहून पाठवलं तर समोरच्याला वाटेल, आपण त्रास देतोय. लेखी आभार मानायचे असतील तर साधा काळच बरा: ‘यू ऑलवेज हेल्प मी’. तिथे गैरसमजाला जागा राहत नाही.

बोलताना ज्या चुका होतात त्या बहुतेक चार जागी होतात.

पहिली, ‘ऑलवेज’ची जागा. ते ‘इज’, ‘आर’, ‘ॲम’ यांच्या नंतर आणि ‘आयएनजी’वाल्या क्रियापदाच्या आधी येतं: ‘ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग’. ‘ऑलवेज ही इज कम्प्लेनिंग’ हे मराठी शब्दक्रमातून आलेलं आहे, ते टाळा. प्रश्नात कर्ता मध्ये येतो: ‘व्हाय आर यू ऑलवेज कम्प्लेनिंग?’ ‘ऑल द टाइम’ वापरलं तर ते शेवटी जातं. ‘कॉन्स्टंटली’ आणि ‘कंटिन्युअली’ यांची जागा ‘ऑलवेज’चीच. ‘फॉरएव्हर’चीही तीच, पण ते अधिक बोलीतलं आणि अधिक खट्याळ: ‘ही इज फॉरएव्हर बॉरोइंग माय पेन’.

दुसरी, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘युजुअली’, ‘एव्हरी डे’ घालून तोच परिणाम साधायचा प्रयत्न. तो साधत नाही, कारण या शब्दांत अतिशयोक्ती नाही. ‘ही इज युजुअली लूझिंग हिज कीज’ हे नुसतं अवघडलेलं वाक्य होतं. अतिशयोक्तीला आकडाही सोसत नाही. ‘ही इज ऑलवेज कमिंग लेट थ्री टाइम्स अ वीक’ असं कुणी म्हणत नाही. आकडा सांगायचा तर ‘ही कम्स लेट थ्री टाइम्स अ वीक’, आणि ती मग नोंद झाली, ओरड नव्हे.

तिसरी चूक नकाराची, आणि ही फार कमी पुस्तकांत नीट सांगितलेली असते. एखादी गोष्ट ‘अति’ होते तेव्हा चालू काळ चालतो. ‘मुळीच होत नाही’ ही तक्रार असेल तर इंग्रजी साध्या काळाकडे परत जातं. ‘तो सारखा बोलत असतो’ म्हणजे ‘ही इज ऑलवेज टॉकिंग’. पण ‘तो कधी ऐकतच नाही’ म्हणजे ‘ही नेव्हर लिसन्स’. इथे ‘ही इज नेव्हर लिसनिंग’ कानाला खटकतं. ‘तू कधी फोनच करत नाहीस’ म्हणजे ‘यू नेव्हर कॉल’. भांडणात हे दोन्ही काळ शेजारी शेजारी येतात: ‘यू आर ऑलवेज शाउटिंग अँड यू नेव्हर लिसन’. कारण वरचंच. जे घडतच नाही ते चालू असताना दाखवणार कसं?

चौथी चूक उच्चाराची. आपण प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देतो, आणि मग ‘ही, इज, ऑलवेज, कम्प्लेनिंग’ हे पाढ्यासारखं ऐकू येतं. ‘ही इज’चं ‘हीज’ करा, आणि ‘ऑलवेज’वर जोर देऊन त्याचा पहिला स्वर थोडा लांबवा. पुढचा शब्द खाली उतरू द्या. आपण ‘साऽऽरखा’ म्हणतो ना, तसाच तो हेल. जोर काढला तर अर्धी भावना जाते.

‘सारखा’च्या आसपासचे मराठी प्रयोगही कामाला येतात. ‘विचारत राहतो’ला ‘कीप्स आस्किंग’ जवळचं. ‘सगळ्यांना सांगत सुटतो’ला ‘गोज अराउंड टेलिंग एव्हरीवन’. ब्रिटिश बोलीत ‘ही विल लीव्ह द टॅप रनिंग’ असं ‘विल’वर जोर देऊन म्हणतात, तेव्हा त्याचा भविष्यकाळाशी संबंध नसतो. ‘नळ चालू ठेवायची खोड काही जात नाही’ असा अर्थ होतो. हे ऐकून समजलं तरी पुरे. वापरायला ‘ऑलवेज’च सोपं.

आता ‘बीइंग’. ‘यू आर सिली’ आणि ‘यू आर बीइंग सिली’ यांत केवढं अंतर आहे हे न कळल्यामुळे अनेकदा नको तेवढं लागट बोललं जातं. पहिल्यात माणसाच्या स्वभावावर शिक्का मारला. दुसऱ्यात फक्त आत्ताच्या वागण्याबद्दल बोललं गेलं. म्हणून जवळच्या माणसाला टोकताना इंग्रजी बोलणारे दुसरं घेतात. इथेही मराठीत पक्की कसोटी आहे: ‘-पणा करणं’. ‘ती हट्टी आहे’, म्हणजे ‘शी इज स्टबर्न’. ‘ती हट्टीपणा करतेय’, म्हणजे ‘शी इज बीइंग स्टबर्न’. आगाऊपणा करतोय, मूर्खपणा करतोय, बालिशपणा करतोय, या सगळ्यांना ‘बीइंग’ लागतं. ‘उंचपणा करतोय’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘ही इज बीइंग टॉल’ होत नाही. ‘-पणा’ जोडता येत नसेल तर ‘वागतोय’ लावून बघा. ‘प्रेमाने वागतेय’ चालतं, तर ‘शी इज बीइंग काइंड’ चालतं. ‘भुकेलेला वागतोय’ चालत नाही, तर ‘बीइंग हंग्री’ नाही. थकवा, भूक, तहान, आजार या आपल्या हातातल्या गोष्टी नाहीत, तिथे ‘बीइंग’ येत नाही. एक सापळा लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये ‘ही इज बीइंग सिक’ म्हणजे तो आजारी आहे असं नव्हे, तो उलटी करतोय.

या ‘बीइंग’ची खरी गंमत चांगल्या विशेषणांसोबत आहे. ‘ही इज नाइस’ म्हणजे माणूस चांगला. ‘ही इज बीइंग नाइस टुडे’ म्हणजे आज स्वारी फारच गोड वागतेय, काहीतरी हवं असणार. ‘आज’पुरतं म्हटलं की ‘एरवी नाही’ हे आपोआप ऐकू येतं, आणि तिथूनच संशय शिरतो. ‘यू आर बीइंग व्हेरी क्वाएट’ म्हणजे ‘काय गं, आज अगदी गप्प गप्प?’ त्यामुळे वरिष्ठांची स्तुती करताना ‘यू आर बीइंग व्हेरी ऑनेस्ट’ म्हणू नका, एरवी खोटं बोलता असा वास येईल. ‘यू आर बीइंग टू काइंड’ हा मात्र रुळलेला विनय आहे, तो निर्धास्त वापरा. स्वतःबद्दल ‘आय ॲम जस्ट बीइंग ऑनेस्ट’ असं म्हणणारा माणूस बहुधा नुकतंच काहीतरी बोचरं बोललेला असतो.

‘यू आर बीइंग सिली’ ही रचना इंग्रजीत तशी नवी. जॉन कीट्सच्या १८१९ सालच्या पत्रात तिचा नमुना सापडतो, पण ती घरोघरी रुळली ती त्यानंतर.

‘लव्ह’, ‘हेट’, ‘मिस’, ‘एन्जॉय’ यांच्याकडे येऊ. ‘आय ॲम लव्हिंग इट’ म्हटलं की मॅकडोनाल्ड्सची २००३ सालची जाहिरात आठवते, आणि पुष्कळांना वाटतं की हा प्रयोग तिथेच जन्मला. तसं नाही, तो बोलीत आधीही होता. जाहिरातीने तो जगभर पोचवला. फरक मराठीतल्या ‘आवडतं’ आणि ‘आवडतंय’ एवढाच. ‘मला पाऊस आवडतो’, म्हणजे ‘आय लव्ह द रेन’: कायमची आवड, बाहेर कडक ऊन असलं तरी. ‘काय मस्त पाऊस, जाम आवडतंय!’ म्हणजे ‘आय ॲम लव्हिंग धिस रेन’: आत्ता, अंगावर घेत असताना. म्हणून ज्या गोष्टीला सुरुवात आणि शेवट आहे, अशा अनुभवाबद्दलच हे चालतं: सहल, नवी नोकरी, चालू असलेली मालिका, आजची हवा. ‘आय ॲम हेटिंग एव्हरी मिनिट ऑफ इट’ हे रटाळ प्रशिक्षणाबद्दल चपखल. माणसावरच्या प्रेमाला मात्र ‘आय लव्ह यू’च. ‘आय ॲम लव्हिंग यू’ म्हटलं तर प्रेम तात्पुरतं वाटतं, आणि समोरचा माणूस बहुधा तेवढंच ऐकेल. ‘आय ॲम मिसिंग यू’ चालतं, कारण आठवण येतेय ती आत्ता. ‘आय मिस यू’ही चालतं आणि जास्त वापरात आहे. ‘लाइक’ जरा अडून बसतं. नुसतं ‘आय ॲम लाइकिंग इट’ अनेकांना खटकतं, पण ‘आय ॲम लाइकिंग इट मोर अँड मोर’ खटकत नाही, कारण तिथे आवड वाढत चालली आहे.

‘फील’ला दोन्ही चालतात: ‘आय फील टायर्ड’, ‘आय ॲम फीलिंग टायर्ड’, अर्थात फारसा फरक नाही. पण ‘मला वाटतं की’ या मताच्या अर्थी फक्त साधा: ‘आय फील दॅट यू आर राँग’. तिथे ‘आय ॲम फीलिंग दॅट’ नको. ‘नो’, ‘बिलाँग’, ‘ओन’, ‘कंटेन’ यांत भावनेला वावच नाही. त्यांना ‘आयएनजी’ लावून काही मिळत नाही, फक्त चूक दिसते.

ठामपणा हाही भावनेचाच प्रकार, आणि तिथे मराठी भविष्यकाळ वापरते तर इंग्रजी चालू वर्तमानकाळ. ‘मी माफी मागणार नाही’, म्हणजे ‘आय ॲम नॉट अपॉलजायझिंग’. ‘लग्नाला हे कपडे घालून जायचं नाही हं!’ म्हणजे ‘यू आर नॉट वेअरिंग दॅट टू द वेडिंग!’ ‘तू माझ्याबरोबर येतोयस’ याला मात्र मराठीतही तोच काळ चालतो: ‘यू आर कमिंग विथ मी’. निर्णय झालेला आहे, चर्चा नको, असा सूर त्यात येतो. ‘आय ॲम टेलिंग यू’, ‘आय ॲम वॉर्निंग यू’, ‘आय ॲम बेगिंग यू’ हे आपल्या ‘सांगतोय ना मी!’ सारखे. ‘यू आर किडिंग!’ आणि ‘व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?’ हे जसेच्या तसे पाठ करा. यांत साधा काळ घातला तर आश्चर्य निघून जातं आणि खरोखरची विचारपूस उरते.

आता मराठी भाषकांची मोठी अडचण, जी वरच्या सगळ्यावर पाणी फिरवते. मराठीत ‘समजत नाहीये’, ‘आठवत नाहीये’, ‘डोकं दुखतंय’, ‘दिसत नाहीये’ हे सहज, बिनभावनेचं बोलणं आहे. ते तसंच उचललं की ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’, ‘माय हेड इज पेनिंग’ होतं. त्याला जोडून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम स्टेइंग इन पुणे सिन्स बर्थ’. इथे हवं ते ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय डोन्ट रिमेंबर’, ‘माय हेड हर्ट्स’, ‘आय कान्ट सी इट’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव लिव्ड इन पुणे ऑल माय लाइफ’. हे फक्त शुद्धतेसाठी सांगत नाही. दर वाक्याला ‘आयएनजी’ लावणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘यू आर ऑलवेज इंटरप्टिंग मी’ आलं, तरी समोरच्याला तो राग कळत नाही. त्याला वाटतं, हा असाच बोलतो. आमटीत आधीच मीठ जास्त झालं असेल तर वरून टाकलेली चिमूट कुणाला जाणवणार? म्हणून क्रम असा ठेवा: आधी पंधरा दिवस साधा वर्तमानकाळ घट्ट करा, विशेषतः ‘हॅव’, ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘रिमेंबर’, ‘वाँट’ आणि ‘नीड’ यांचा. मगच भावनेचा चालू काळ हातात घ्या.

ऑफिसात तर तो जपूनच वापरावा. ‘यू आर ऑलवेज सेंडिंग द फाइल्स लेट’ हे ईमेलमध्ये लिहिलं की तो आरोप होतो, आणि समोरचा लगेच एकदा वेळेवर पाठवलेली फाइल पुराव्याला काढतो. अतिशयोक्ती खोडून काढणं सोपं असतं. तिथे आकडा आणि साधा भूतकाळ कामाचा: ‘द लास्ट थ्री फाइल्स केम आफ्टर सिक्स ओक्लॉक’. त्याला उत्तर द्यावंच लागतं. परीक्षेतल्या निबंधातही ‘पीपल आर ऑलवेज थ्रोइंग गार्बेज’ टाळून ‘पीपल ऑफन थ्रो गार्बेज’ लिहा, कारण परीक्षकाला तिथे तुमची चिडचिड नको असते.

एक चालू काळ मात्र ऑफिसात बिनधास्त वापरण्यासारखा आहे, आणि तो रागाच्या अगदी उलट टोकाचा: ‘आय ॲम होपिंग यू कॅन हेल्प’, ‘आय ॲम वंडरिंग इफ वी कुड मीट ऑन फ्रायडे’. ‘आय होप’पेक्षा ‘आय ॲम होपिंग’ मऊ लागतं, कारण विचार अजून चालू आहे, पक्का झालेला नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, असं त्यातून सुचवलं जातं. आणखी मऊ हवं असेल तर ‘आय वॉज वंडरिंग’. काळ भूत, काम आत्ताचंच. मराठीत आपण ‘एक विचारायचं होतं’ म्हणतो, अगदी तसं.